हप्ता कुठल्या पगारातून?

अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश पक्का झाला की मागोमाग आय-ट्वेंटी येतो. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा हा कागद. त्यात शिकवणीची फी, राहणं-खाणं, विमा असे रकाने असतात आणि खाली एक बेरीज. घरोघरी ती बेरीज डॉलरच्या भावाने गुणली जाते, कुणीतरी कपाळाला हात लावतं आणि पुढचे सहा महिने सगळी चर्चा त्याच आकड्याभोवती फिरते. पण तो आकडा बहुधा एका वर्षाचा असतो आणि एम.एस. साधारण दोन वर्षांचं. व्हिसाच्या खिडकीवरही पहिल्या वर्षाचे पैसे हाताशी आहेत ना, हेच प्रामुख्याने बघतात. दुसऱ्या वर्षाची चिंता ज्याची त्याने करायची.

बेरजेच्या बाहेर राहिलेला किरकोळ खर्चही कमी नसतो. जीआरई आणि इंग्रजीची परीक्षा, पाच-सात विद्यापीठांची अर्जाची फी, विद्यार्थी-नोंदणीच्या सेव्हिस शुल्काचे 350 डॉलर, व्हिसाचे 185 डॉलर, तिकीट, घराची अनामत. सगळं मिळून दोन-तीन लाख सहज जातात आणि व्हिसा नाकारला गेला तर यातला मोठा हिस्सा परत मिळत नाही. तरीही निर्णय या रकमेवर ठरत नाही. परदेशी शिक्षण महाग आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं. ठरवायचं असतं ते वेगळंच : कर्जाचा हप्ता कुठल्या देशातल्या पगारातून जाणार?

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, हिंजवडीत दोन वर्षं नोकरी केलेली एक संगणक अभियंता आहे. तिला अमेरिकेतल्या एका मध्यम खर्चाच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. दोन वर्षांचा सगळा खर्च 60 हजार डॉलर. अमेरिकेच्या मानाने हा आकडा स्वस्तातलाच. मोठ्या शहरातल्या खासगी विद्यापीठात इतके पैसे एका वर्षातही संपू शकतात. डॉलर 90 रुपयांना धरला तर 54 लाख होतात. वडिलांनी मुदतठेव मोडून आणि भविष्य निर्वाह निधीतून काढून 14 लाख उभे केले. उरलेल्या 40 लाखांचं कर्ज, व्याज 11 टक्के.

शिकत असताना आणि त्यानंतर साधारण सहा महिने ते वर्षभर हप्ता नसतो. 'हप्ता नाही' याचा अर्थ घरात बहुतेक वेळा 'व्याज नाही' असा घेतला जातो. तो चुकीचा आहे. 20 लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला उचलले, 20 लाख दुसऱ्या वर्षाच्या, आणि हप्ता अडीच वर्षांनी सुरू झाला, तर सरळव्याजानेसुद्धा तोवर 8 लाख 80 हजार चढलेले असतात. म्हणजे परतफेड सुरू होते 48 लाख 80 हजारांवर. दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता 67 हजारांच्या वर जातो. याशिवाय हिंजवडीतली नोकरी सोडल्यामुळे दोन वर्षांचा पगार बुडाला. तो वर्षाला सहा लाख धरला तर आणखी 12 लाख. हा खर्च कुणाच्याच कागदावर दिसत नाही, कारण तो कुणाला भरायचा नसतो.

आता दुसरी बाजू. तीही तितकीच खरी आहे, नाहीतर एवढी मुलं गेलीच नसती. ओपन डोअर्सच्या अहवालानुसार 2024-25 मध्ये अमेरिकेत 3 लाख 63 हजार भारतीय विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशातल्यांपेक्षा जास्त. आपल्या उदाहरणातल्या मुलीला शिक्षण संपल्यावर वर्षाला 80 हजार डॉलरची नोकरी लागली, असं धरू. तो पगार नव्वदने गुणून गावभर 72 लाख म्हणून सांगायचा नसतो. त्यातून कर, घरभाडं, गाडी, विमा जातो. (नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिली पाच वर्षं तिथला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर सहसा लागत नाही. या पगारावर त्याने वर्षाला सहा हजार डॉलर वाचतात. हे पुष्कळांना पहिली पगारपावती हातात आल्यावर कळतं.) काटकसरीने राहून महिन्याला दोन हजार डॉलर बाजूला पडले आणि ते सगळे कर्जात घातले, तर 48 लाख 80 हजारांचं कर्ज 31-32 महिन्यांत फिटतं.

हा आकडा नीट बघा. पदवीनंतर अमेरिकेत काम करायची जी परवानगी मिळते, ओपीटी म्हणतात ती, सुरुवातीला 12 महिन्यांची असते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांतल्या पदवीला तिच्यावर आणखी 24 महिने मिळतात. एकूण 36. म्हणजे कर्ज फिटायला लागणारे महिने आणि कायद्याने हातात असलेले महिने यांत जेमतेम चार-पाच महिन्यांची मोकळीक आहे. नोकरी शोधण्यात जाणारा वेळ याच 36 महिन्यांतून वजा होतो, आणि पहिल्या टप्प्यात एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. सगळं वेळेवर जमलं तरच हे गणित सुटतं. जी पदवी या यादीत बसत नाही तिला वाढीव 24 महिने मिळत नाहीत. तिथे वर्षभर नेटाने कर्ज फेडून परत यावं लागलं, तरी 31-32 लाख शिल्लक राहतात आणि उरलेल्या नऊ वर्षांचा हप्ता येतो 46 हजारांच्या घरात, तो रुपयांतल्या पगारातून. त्यामुळे प्रवेश घेताना विद्यापीठाच्या क्रमवारीइतकंच अभ्यासक्रमाचा वर्गीकरण-क्रमांक कोणता आहे हे बघायला हवं. तो आय-ट्वेंटीवरच छापलेला असतो, आणि व्यवस्थापनाच्या दोन सारख्या दिसणाऱ्या पदव्यांतली एक यादीत आणि दुसरी बाहेर, असं होऊ शकतं.

शिकता शिकता काम करून भागेल, ही आशाही तपासून घ्यावी. अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, तेही साधारणपणे विद्यापीठाच्या आवारातच. ताशी 12-13 डॉलरने महिन्याला हजारेक डॉलर होतात. लहान गावात त्यात खोलीभाडं आणि किराणा निघतो. फी निघत नाही. फी माफ होते ती संशोधन किंवा अध्यापन साहाय्यकाची जागा मिळाली तर, आणि एम.एस.च्या विद्यार्थ्याला ती जाण्यापूर्वीच मिळालेली असणं विरळा.

कर्ज दहा वर्षांचं असतं, पण ते ज्या नियमांच्या भरवशावर घेतलं ते नियम दहा वर्षं टिकत नाहीत. ब्रिटनने शिक्षणानंतर दोन वर्षं काम करायची सवलत 2012 मध्ये बंद केली, 2021 मध्ये ती नव्या नावाने परत आणली, आणि आता 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी बहुतेक पदव्यांना ती दीड वर्षावर आणली जाणार आहे. कॅनडात विद्यार्थ्याने स्वतःच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम वर्षानुवर्षं 10 हजार कॅनेडियन डॉलर होती. 2024 च्या जानेवारीत ती एकदम 20,635 झाली आणि 2025 च्या सप्टेंबरपासून 22,895. ऑस्ट्रेलियाचं विद्यार्थी व्हिसाचं शुल्क 2024 च्या मध्यापर्यंत 710 ऑस्ट्रेलियन डॉलर होतं. वर्षभरात ते 2,000 झालं. अमेरिकेने सप्टेंबर 2025 मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. तिथेच राहून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ते लागू नाही, हा खुलासा महिन्याभराने आला. त्या व्हिसाच्या जागा वर्षाला 65 हजार, अधिक अमेरिकेतली उच्च पदवी असलेल्यांसाठी 20 हजार, आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. 'एच-वन लागला' असं आपल्याकडे लॉटरी लागल्यासारखं म्हणतात, ते योग्यच आहे.

यातला कुठलाही बदल विद्यार्थ्याच्या गुणांवर अवलंबून नव्हता. म्हणून 'माझी मुलगी हुशार आहे, तिला नोकरी लागेलच' या वाक्याने हिशेब पुरा होत नाही. नोकरी लागेल, ती करायला तिथे राहता येईल का, हे तिच्या हातात नसतं.

रुपयाचं वागणं तर आणखी विचित्र. 2011 च्या मध्याला डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर 2025 मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. आपल्या उदाहरणातले 60 हजार डॉलर 83 च्या भावाने 49 लाख 80 हजार झाले असते, 90 ने 54 लाख. कर्ज मात्र रुपयांत मंजूर होतं. मंजुरीनंतर डॉलर चढला की शेवटच्या सत्राच्या फीला पैसे कमी पडतात आणि परदेशातून घरी फोन येतो. त्या वेळी नवं कर्ज मिळत नाही, सोनं ठेवावं लागतं. म्हणून मंजुरी घेतानाच आजच्या भावापेक्षा पाच-सात रुपये जास्त धरावेत. जे उचललं नाही त्यावर व्याज लागत नाही. गंमत अशी, की घसरणारा रुपया जाताना मारतो आणि तिथे कमवायला लागल्यावर तोच तारतो, कारण तेवढ्याच डॉलरमध्ये जास्त हप्ता फिटतो. परत आलेल्याला मात्र फक्त मार बसलेला असतो. महाग डॉलरने पैसे गेले आणि परतफेड रुपयांतल्या पगारातून होत राहते.

महाराष्ट्रातल्या लहान गावांतून जाणाऱ्या मुलांचा खरा अडथळा बहुतेक वेळा बँकेच्या टेबलावरच उभा राहतो. सरकारी बँकेचं व्याज कमी असतं, पण मोठ्या रकमेला ती तारण मागते. आठ-दहा एकर बागायती असलेला शेतकरी सातबारा घेऊन जातो आणि रिकाम्या हाताने परततो. कारण साधं आहे : थकलेल्या कर्जासाठी बँकेला ज्या सरफेसी कायद्याने कोर्टात न जाता तारणावर टाच आणता येते, तो शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे अशी जमीन तारण घ्यायला बँक नाखूष असते. गावठाणातलं वडिलोपार्जित घर असेल तर हक्काची कागदपत्रं अपुरी. चार भावांच्या नावावर असेल तर चौघांच्या सह्या. शहरातला एक खोलीचा फ्लॅट इथे पाच एकर उसापेक्षा वजनदार ठरतो. तारण नाही म्हटल्यावर घर वळतं बिगरबँक वित्तसंस्थेकडे. ती विनातारण, झटपट देते आणि दोन-तीन टक्के जास्त लावते. काही संस्था शिकत असतानाच दरमहा व्याज भरायला लावतात. हे छोट्या अक्षरांत असतं, आणि मोठ्या अक्षरांतलंही सहसा कुणी वाचलेलं नसतं.

सहकर्जदार म्हणून सही बापाची किंवा आईची. वडील आज 54 चे असतील तर अडीच वर्षं सुटीची आणि दहा वर्षं फेडीची मिळून ते सहासष्टी ओलांडतात. निवृत्तिवेतन नसेल तर 60 नंतर 67 हजारांचा हप्ता कोण भरणार, हे घरात मोठ्याने बोललं जात नाही. बोललं तर मुलीच्या जाण्याला अपशकुन केल्यासारखं वाटतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षांपर्यंत कितीही रकमेची वजावट मिळते, असं बँकेतला माणूस सांगतो. ते खरं आहे, पण जुन्या करपद्धतीतच. आणि ज्याने कर्ज घेतलं आणि फेडलं त्यालाच, तेही भारतात करपात्र उत्पन्न असलं तर. मुलगी तिथे कमावत असेल आणि हप्ता तीच भरत असेल, तर या सवलतीचा तिला फारसा उपयोग नाही.

जर्मनीकडे मराठी मुलांचा ओढा वाढला तो यामुळेच. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणी शुल्क नाही. अपवाद आहेत : बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं. जाण्यापूर्वी एका बंद खात्यात 11,904 युरो ठेवावे लागतात. युरो शंभरच्या आसपास धरला तर 12 लाख. हा आकडा ऐकून दचकणारे विसरतात की ते पैसे आपलेच असतात. तिथे पोचल्यावर महिन्याला 992 युरो याप्रमाणे परत हातात येतात. म्हणजे पूर्ण दोन वर्षांचं कर्ज अमेरिकेतल्या एका वर्षापेक्षा कमी पडू शकतं, आणि परत यावं लागलं तरी हप्ता इथल्या पगारात बसतो. खर्च आहे तो वेळेचा आणि भाषेचा. परीक्षा कडक, त्यामुळे दोन वर्षांचा अभ्यासक्रम अडीच-तीनवर जाणं नेहमीचं, आणि इंग्रजीत पदवी मिळाली तरी नोकरीच्या मुलाखतीत बहुतेक ठिकाणी जर्मन लागतंच.

मग गल्लीबोळांतले सल्लागार ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचीच नावं आधी का घेतात? पुष्कळ परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे सल्लागाराला पहिल्या वर्षाच्या फीचा काही हिस्सा दलाली म्हणून देतात. विद्यार्थ्याला सल्ला 'फुकट' मिळतो तो असा. फीच नसलेलं जर्मन सरकारी विद्यापीठ कसली दलाली देणार? सल्लागार लबाडच असतो असं माझं म्हणणं नाही. पण फुकट सल्ला देणाऱ्याला 'या प्रवेशाचे तुम्हाला किती मिळतात?' असं विचारायला संकोच वाटू नये. फर्निचरवाल्याशी तासभर घासाघीस करणारी आपली माणसं इथे एकदम सभ्य होतात.

हप्त्याचा प्रश्नच उद्भवू न देणारा मार्ग शिष्यवृत्तीचा. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी 75 जागांची. सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला कौटुंबिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा. यादी लागण्याची तारीख आणि विद्यापीठाला अनामत भरायची तारीख यांचा मेळ बसेलच असं नाही, तेवढी तजवीज आधी हवी. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये सुरू केलेला निधी अजून चालू आहे. तो देणगी देत नाही, कर्जरूपाने मदत करतो. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच्या सुरुवातीच्या लाभार्थींपैकी.

पण दुसऱ्याच्या पैशालाही अट असतेच. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा, 1917 मध्ये, लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळेना, नोकरी सुटली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेऊन 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेलं पुरं केलं. तिथल्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होता रुपया, त्याचा विनिमय दर आणि त्याची स्थिरता. शिक्षण दोन हप्त्यांत, मधे स्वतःची कमाई, ही वाट त्यांनी खुशीने निवडली नव्हती. आज मात्र ती आपण होऊन निवडता येते : इथे तीन-चार वर्षं कमवून, कर्ज निम्म्यावर आणून मग जाणं. एकविसाव्या वर्षी पूर्ण कर्जावर जाणाऱ्यापेक्षा पंचविसाव्या वर्षी अर्ध्या कर्जावर जाणाऱ्याला परतीची भीती कमी असते, आणि नोकरीच्या बाजारात अनुभवही हाताशी असतो.

वैद्यकीय शिक्षणाचं प्रकरण उलटं आहे. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान इथे एमबीबीएसला जाणाऱ्या लातूर-नांदेडच्या मुलांचा बेतच परत येण्याचा असतो. इथे जुगार पगाराचा नाही, परीक्षेचा. परतल्यावर परदेशी वैद्यकीय पदवीधरांची जी परीक्षा द्यावी लागते, ती वर्षातून दोनदा होते आणि तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण बहुतांश वेळा तीस टक्क्यांच्या खालीच राहिलं आहे. सहा वर्षांच्या खर्चाशेजारी परीक्षेच्या तयारीचं एखादं वर्ष आणि क्लासची फी आधीच लिहून ठेवलेली बरी.

तर आपल्या उदाहरणातल्या मुलीने जावं का? मला वाटतं जावं, पण पैसे वापरायचा क्रम बदलून. बहुतेक घरं कर्ज आधी उचलतात आणि घरचे 14 लाख 'अडीअडचणीला' राखून ठेवतात. उलट करावं. 60 हजारांतला पहिल्या सत्राचा वाटा धरा 15 हजार डॉलर, म्हणजे साडेतेरा लाख. तो घरच्या पैशांतून भागतो. एका आर्थिक वर्षात स्वतःचे दहा लाखांपेक्षा जास्त पाठवले की वरच्या रकमेवर बँक कर कापून घेते; तो विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो. कर्जाच्या रकमेवर तो लागत नाही. मंजुरी खिशात ठेवायची आणि पहिली उचल किती महिन्यांच्या आत करावी लागते ते बँकेकडून लेखी घ्यायचं. डिसेंबरात पहिलं सत्र संपतं. तोवर अभ्यास झेपतो का, आधीच्या तुकडीतल्या कितीजणांना उन्हाळी इंटर्नशिप मिळाली, साहाय्यकाची जागा मिळण्याची शक्यता किती, व्हिसाचे वारे कुठे वाहताहेत, हे सगळं पुण्यात बसून कळत नव्हतं तितकं कळलेलं असतं. घरचे 14 लाख गेलेले असतात आणि ते लहान नुकसान नाही. पण बँकेच्या 40 लाखांतला एकही रुपया अजून उचललेला नसतो, आणि जानेवारीची फी भरायची का, हे ठरवायला तीनेक आठवडे हातात असतात.